मानव्यविद्या कशा शिकवाव्यात?

महोदय,

मानव्यविद्यांचा (इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांचा) उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी कैद्यांवर अमानुष प्रयोग केल्याबद्दल नाझी जर्मनीतील डॉक्टरांवर न्यूरेंबर्ग येथे १९४६-४७ मध्ये चाललेला खटला आठवावा. त्यातील २३ आरोपींपैकी २० जण वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले होते, आणि माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची संमती हवी, हे तत्त्व न्यायालयाला निकालात नोंदवावे लागले. अर्थात, तत्त्वज्ञान वा साहित्य शिकलेला माणूस सज्जनच निघतो असे नाही. म्हणूनच हे विषय कसे शिकवले जातात, याला महत्त्व आहे. सनावळ्या आणि तयार उत्तरे घोकून घेण्याऐवजी एकाच घटनेविषयीची दोन परस्परविरोधी साधने विद्यार्थ्यांपुढे ठेवून ती कोणी, कधी व कोणासाठी लिहिली, हे तपासायला लावावे. परीक्षेतही गुण त्या तपासणीलाच हवेत, अन्यथा शिक्षक नाइलाजाने पुन्हा पाठांतराकडेच वळतील.

– एक वाचक