रथाच्या वाटेवरचा रस्ता

बेळगाव तालुका

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

महालक्ष्मीच्या यात्रेआधी आपल्या गल्लीचा रस्ता होणार का, असं विचारलास. होणार. आमदार निधीतून मंजूर झालाय. पण तो सगळ्यात शेवटी होणार, आणि त्याआधीचं एक काम तुझ्या बंद घरापाशी अडकलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

पंचायतीत पैसा असून रस्ता का करत नाही, ही गावातली ओरड तुझ्याही कानावर आली असणार. पैसा आहे, पण बांधलेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे असतात. त्यातून पाइप, गटार होतं. रस्ता होत नाही. आमदारांच्या वर्षाच्या 2 कोटींत सगळा मतदारसंघ बसवायचा असतो. त्यातून मिळालेला रस्ता वर्षभरात नळासाठी उकरला, तर पुन्हा कोण देणार?

तेव्हा आधी पाइप, मग गटार, मग काँक्रीट. पाइप सुमारे मीटरभर खोल जातो. चर बुजवण्याआधी दाबाने पाणी सोडून सांधे बघायचे. माती एकदम लोटायची नाही. वीतभराचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मसाने ठोकून दाबायचं, असं करत वर यायचं. आपल्याकडच्या पावसात कच्चा भरलेला चर खाली बसतो, वरचं काँक्रीट पोकळीवर तरंगत राहतं आणि पहिल्या ट्रॅक्टरला तडकतं.

गटाराला दर 10 मीटरला निदान 5 सेंटीमीटर उतार हवा. तुंबायचं कारण मात्र बहुतेकदा वेगळंच असतं. जो तो दारासमोर फरशी सिमेंटमध्ये पक्की बसवतो, मग गाळ काढायचा कुठून? फरशी सुटी ठेवा म्हटलं की तोंडं वाकडी होतात.

आता रस्ता. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटीमीटर जाड, म्हणजे 45 घनमीटर माल. सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3 या मापाला घनमीटरमागे साधारण 8 पोती सिमेंट लागतं, म्हणजे 360 पोती. संध्याकाळी रिकामी पोती मोजायची, एवढी तपासणी गल्लीतल्या पोरांनाही जमते. पोत्यामागे 25 लिटरच्या आसपास पाणी पुरतं. पसरायला सोपं जावं म्हणून गवंडी जास्त ओततो आणि वर्षभरात वरची पापडी धूळ होऊन उडते. दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने दर साडेचार मीटरवर काप द्यायचे, नाहीतर रस्ता स्वतःच्या मर्जीने फुटतो. मग मातीचे बांध घालून 14 दिवस पाणी तुंबवून ठेवायचं. पूर्ण ताकदीला 28 दिवस धर. देवीचा एवढा मोठा रथ याच वाटेने जाणार, सगळं वजन चार चाकांवर. त्यामुळे यात्रेच्या महिनाभर आधी शेवटचं घमेलं पडलंच पाहिजे. त्याच्या आत बांधकाम आटपेना झालं, तर यंदा मुरूम दाबून वाट करायची आणि काँक्रीट यात्रेनंतर. पंच कमिटीला हे पटवणं मालाच्या हिशेबापेक्षा अवघड आहे!

रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारा नियमाने 5.8 मीटरवर असतात, जास्त दाबाच्या 11 केव्हीच्या 6.1 मीटरवर. रथ कळसासकट त्याहून उंच. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसला अर्जात रथाची उंची, वाट आणि वेळ लिहून द्यायची. लाईन बंद झाली की बोअरचा पंपही बंद, म्हणून टाकी आदल्या रात्री भरून घ्यायची. टँकरच्या पाण्यात 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. 10 हजारांच्या टँकरला 50 ग्रॅम. भुकटी थेट टाकायची नाही, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओतायचं आणि अर्धा तास थांबून मगच तोटी सोडायची. गदगेजवळ, म्हणजे यात्रेत देवी बसवतात तिथे, ओटी भरायला आलेल्या बायका हेच पाणी पिणार.

गर्दीचा अंदाज यंदा वाढवून धर. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. खानापूरला दिलेल्या लेकी ओळखपत्र दाखवून येतील, महाराष्ट्रातल्या चंदगडला दिलेल्या मात्र तिकीट काढून. माहेर एकच, सरहद्द मधे आली.

आणि एक. ग्रामसभेची नोटीस कन्नडमध्ये येते, लोक ती न वाचताच पुढे जातात. ठराव मराठीत वाचून दाखवा म्हणायचं आणि मगच सही करायची. रस्ता "अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत" असा लिहिलेला पाहिजे. नुसतं "गावातील रस्ता" लिहिलं की काम भलत्याच गल्लीत जातं.

आता तुझं काम. घर बंद असलं तरी नळाचा आडवा पाइप रस्त्याखालून आत्ताच उंबऱ्यापर्यंत आणून, टोक बंद करून ठेवायला पाहिजे. काँक्रीट झाल्यावर मी स्वतः सांगितलं तरी कोणी फोडू देणार नाही, आणि देऊही नये. सहीचा अर्ज आणि घरपट्टीची चालू पावती धाकट्या भावाकडे पाठव. दारासमोरची ती जुनी फरशी उचलायची परवानगीही त्यातच लिही. पुढच्या आठवड्यात चर तुझ्या दारापर्यंत येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गल्लीतला मेंबर