मंडळीचे दार उघडे ठेवण्यासाठी मदतीचे आवाहन

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

आमची मंडळी फुटल्याचे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आलेच असेल. पाळकसाहेब, निम्मे पंच आणि बरीचशी कुटुंबे महासभेशी, म्हणजे सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या सभेशी, नाते तोडून वेगळी झाली. आम्ही मागे राहिलो. ज्या चर्चमध्ये आमचा बाप्तिस्मा झाला, आईवडिलांना जिथून निरोप दिला, त्याच चर्चशी बांधलेले राहायचे असे आम्ही प्रार्थनापूर्वक ठरवले. संख्येने थोडे आहोत आणि खर्च पूर्वीइतकाच आहे, म्हणून हे पत्र.

गेलेल्यांविषयी या पत्रात वाईट शब्द सापडणार नाही. ती आमचीच भावंडे आहेत, काही घरांत तर अक्षरशः. महासभेचे सगळे ठराव आम्हाला पटलेत असेही नाही. आमच्यातल्या काहींनी त्यांच्याविरुद्ध मत दिले होते. पण मतभेद सभेत मांडावा, हरलो तर पुढच्या सभेत पुन्हा मांडावा आणि तोवर एकाच मेजाशी प्रभुभोजन घ्यावे, ही रीत आम्ही वडीलधाऱ्यांकडून शिकलो. जॉन वेस्ली यांच्या कार्यातून पुढे मेथडिस्ट चर्च उभे राहिले. ते स्वतः मात्र १७९१ मध्ये मरण पावले तेव्हाही चर्च ऑफ इंग्लंडचेच दीक्षित सेवक होते. त्या चर्चच्या उणिवा त्यांच्याइतक्या कळकळीने फार थोड्यांनी बोलून दाखवल्या असतील.

थांबण्याने काय साधते, असे आम्हाला विचारले जाते. १८ मे १८४३ रोजी एडिंबरा येथे चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरली असताना पाळकांचा मोठा गट उठून बाहेर पडला. मंडळीचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, हा मुख्य वाद होता. थॉमस चामर्स यांच्या पुढारीपणाखाली साडेचारशेहून अधिक पाळकांनी घरे आणि पगार सोडले. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण व्यासपीठ रिकामे झालेल्या गावोगावच्या मंडळ्यांमध्येही माणसे होती. मुलांचे बाप्तिस्मे, आजाऱ्यांच्या भेटी, मयतीच्या उपासना तिथेही चालू ठेवाव्या लागल्या. फुटलेल्या प्रवाहांपैकी मोठा भाग पुढे १९२९ मध्ये पुन्हा एक झाला. मध्ये ८६ वर्षे गेली. परतायला घर शिल्लक असावे लागते.

अगदी अलीकडे, २०१९ ते २०२३ या काळात, अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या बाहेर पडल्या. त्यासाठी मंडळीत दोन-तृतीयांश मते लागत. उरलेल्या एक-तृतीयांशांचे काय झाले असेल, हा विचार आम्हाला पूर्वी कधी शिवला नव्हता. आता रोज शिवतो. आमची इमारत तरी महासभेच्या नावावर असल्याने आमच्याकडे राहिली. कितीतरी ठिकाणच्या विश्वासूंना तेवढेही लाभले नाही.

आता आमची गरज सांगतो. मंडळीच्या बँक खात्यावर दोघांच्या सह्या लागत. त्यातले एक इकडे, एक तिकडे. वाद मिटेपर्यंत खाते बंद आहे. त्यामुळे सर्वांत मोठा अन्याय झाला तो चर्चच्या शिपायावर. तीन महिने त्यांना पगार मिळालेला नाही. तरीही शनिवारी झाडलोट होते आणि रविवारी वेळेवर घंटा वाजते. पहिली येणारी देणगी त्यांच्या थकलेल्या पगारासाठी जाईल, हे पंच कमिटीने एकमताने ठरवले आहे.

दुसरा खर्च पाळकांचा. महासभेने दिलेले पाळक तीन मंडळ्या सांभाळतात आणि एक रविवार आड येतात. त्यांचा प्रवासखर्च आम्ही द्यायचा आहे. ते नसतात तेव्हा आमच्यातलेच कोणीतरी शास्त्रवाचन आणि उपदेश करते. वेदीवरचे छप्पर गळते, तेही पावसाआधी व्हायला हवे.

आणि नोंदवह्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या जुन्या वह्यांची पाने हात लावताच तुटतात. त्यांची नीट बांधणी करून छायाप्रती काढायच्या आहेत. हे काम घाईचे नाही असे कोणी म्हणेल. आम्हाला ते फार जवळचे वाटते, कारण त्या वह्यांत गेलेल्यांची आणि राहिलेल्यांची नावे एकाच शाईत, एकाखाली एक आहेत. मागच्याच महिन्यात वेगळ्या झालेल्या एका कुटुंबातली मुलगी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली. दारातच घुटमळत होती. दाखला लगेच लिहून दिला, तिच्या आजीच्या लग्नाची नोंदही दाखवली. दफनभूमीचेही तसेच: तिथे कोणाला कोणत्या गटाचे म्हणून विचारले जाणार नाही.

देणगीच्या हिशोबाबद्दल पौलाचा कित्ता आमच्यापुढे आहे. मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरीब विश्वासूंसाठी वर्गणी गोळा केली, तीही यहुदी आणि विदेशी विश्वासूंमध्ये ताण असताना. ती रक्कम पोहोचवताना कोणी बोट ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचावा. आम्हीही नवे खाते तीन सह्यांचे ठेवले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवला जाईल. या निधीतला एकही पैसा कोर्टकचेरीवर खर्च होणार नाही.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांचीही आम्हाला तितकीच गरज आहे. संडे स्कूलला शिक्षक हवेत; दोघे होते, दोघेही गेले, आणि मुले मात्र येत आहेत. गाण्याला आवाज हवेत. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना प्रभुभोजनासाठी भेटायला जाताना पाळकांसोबत कोणीतरी हवे. आसपासच्या मंडळ्यांनी महिन्यातून एखादा रविवार आमच्याबरोबर उपासना केली, तर रिकाम्या बाकांकडे पाहून बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या माणसांना किती धीर येईल, हे शब्दांत सांगता येत नाही.

देणगी रविवारच्या उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी आणि पावती अवश्य मागून घ्यावी. ज्यांना नाव जाहीर करायचे नसेल त्यांनी तसे सांगावे. वेगळ्या झालेल्या बंधुभगिनींपैकी दोघांनी तसे सांगूनच शिपायासाठी मदत दिली आहे, तिची पावती आम्ही केली आहे. संडे स्कूलसाठी येऊ शकणाऱ्यांनी उपासनेआधी अर्धा तास यावे.

आपली ख्रिस्तात,
पंच कमिटी