त्या ४०८ बाळांच्या आईबाबांना

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं मला ठाऊक नाहीत, कळणारही नाहीत. तरी लिहितोय.

आमचा मुलगा जन्मला तेव्हा रडलाच नाही. दोन तासांत झटके सुरू झाले. बायको अजून लेबर रूममध्ये, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचत होतो: मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाला सहा तासांच्या आत गार करायला घ्यायचं, अंगाचं तापमान ३३.५ अंशांवर आणून ७२ तास तसंच ठेवायचं. इंग्लंड-अमेरिकेत यानं बाळं वाचतात. मी घड्याळ बघत आत घुसलो. "मग आपण का नाही करत?" जवळजवळ ओरडलोच.

डॉक्टर मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी तुमच्याबद्दल सांगितलं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत २०१५ ते २०१९ दरम्यान तुमच्या बाळांवर हाच उपाय तपासला गेला. हेलिक्स त्या अभ्यासाचं नाव. निम्म्या बाळांना गार केलं, निम्म्यांना नेहमीसारखं उबेत ठेवलं. कोण कुठे, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. २०२१ मध्ये निकाल आला. गार केलेल्यांतली ४२ टक्के बाळं गेली, उबेतली ३१ टक्के.

हा आकडा मी नंतर घरी पुन्हा वाचला, आणि पुढचं वाचवेना. तुम्हीही त्याच सहा तासांत, अशाच कुठल्यातरी बाकावर बसून सही केली असणार.

आमच्या बाळाला उबेतच ठेवलं. तळपायाला लाल दिव्याचा प्रोब चिकटवलेला. पाचव्या दिवशी नळीतून आईचं दोन मिली दूध गेलं, तेव्हा सिस्टरनं मला काचेतून दोन बोटं दाखवली. गार न केल्यामुळेच तो वाचला, असं मी म्हणणार नाही. एका बाळावरून तसं काही ठरत नाही. पण त्या रात्री माझ्या हट्टापुढे डॉक्टरांकडे ठोस उत्तर होतं, ते तुमच्यामुळे.

दीड वर्षाचं होताना त्या अभ्यासातल्या ३९४ बाळांचं काय झालं, याची नोंद आहे. म्हणजे तुमच्यातले कितीतरी जण मूल कडेवर घेऊन तपासणीला परत आले. आणि ज्यांच्या कडेवर कुणी नव्हतं, त्यांचीही नोंद झाली.

आमचाही परवाच दीड वर्षाचा झाला. डावा हात जरा मागे आहे, व्यायाम चालू आहेत. डॉक्टरांनी एकावर एक ठेवायला ठोकळे दिले, तर त्यानं एक तोंडात घातला, दुसरा त्यांच्या टेबलाखाली फेकला.

तुमचा,
एका मुलाचा बाबा