आणखी दोन वर्षं इथेच

आपिया, सामोआ (दक्षिण पॅसिफिक)

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते आहे. फोनवर आई गप्प होते, बाबा "बरं, बरं" म्हणतात, आणि मग तुम्ही दोघं रात्रभर कुशी बदलत राहता हे मला दादाकडून कळतं. तर आधी बातमी. माझा इथला करार दोन वर्षांनी वाढला आहे आणि मी सही करून मोकळी झाले आहे. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम पुढची दोन्ही वर्षं मी इथेच काढणार. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. बाबा आडकित्ता घेऊन ओटीवर जाऊन बसले असते आणि आईचा देवघरातला वेळ वाढला असता, एवढंच. ते मला सोसलं नसतं, म्हणून विचारलं नाही. रागावायचं तर रागवा, पण जेवण टाळून नको.

काम काय आहे हे बाबांना तरी पटेल. १९९३ साली इथल्या अळूवर करपा आला. हे लोक त्याला तालो म्हणतात, आणि तो त्यांचा भात-भाकरी आहे. पानं सडली, अळूचे गड्डे पोसले नाहीत, वर्षभरात निर्यात कोसळली. बाबा, तुमच्या पोफळींना कोळरोग करणारी जी फायटोफ्थोरा बुरशी, तिचीच ही भावंड. तुम्ही निदान बोर्डो मिश्रण घेऊन वर चढणारा गडी शोधलात, इथे अख्खा देश एकाच वाणावर विसंबून होता. पुढे पलाऊसारख्या दूरच्या बेटांवरचे वाण आणून इथल्या अळूशी संकर केले, आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात लावून, उकडून, खाऊन त्यातले निवडले. त्याच रोपांचं काम मी बघते. दापोलीत जे शिकले ते इथे रोज हाताला लागतं. तिकडे येऊन पुन्हा पुण्यात एसीत बसून अहवाल लिहायचे, हे नको वाटलं. पैशाचं मी मुद्दाम लिहीत नाही, पण माडीच्या कर्जाची काळजी आता तुम्ही करायची नाही.

आईचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. जेवते, नीट जेवते. तांदूळ मिळतात, डाळ मिळते, कुकर आहे. रविवारी घरमालकीणबाईंकडे ऊमू असतो, म्हणजे तापलेल्या दगडांवर सगळं रचून वर पानांचा जाड थर. त्यात पालुसामी असते. आई, तू बघायला हवंस. अळूची कोवळी पानं एकावर एक तळहातावर धरायची, द्रोणासारखा खोलगा करायचा, त्यात कांदा, मीठ आणि नारळाचा दाट अंगरस ओतायचा, कडा दुमडून गाठोडं करायचं, ते दुसऱ्या पानात बांधून दगडांवर ठेवायचं. बाईंच्या हातून थेंब सांडत नाही, माझ्या कोपरापर्यंत ओघळतो. उघडलं की आत हिरवट, मऊ, सायीसारखं. चिंच नाही, गूळ नाही, आणि घसा खवखवत नाही, त्याचं मला अजून नवल वाटतं. सोबत भाजलेला नीरफणस असतो. आपण त्याचे काप करतो, हे लोक त्यावर पोट भरतात.

(पुढचा परिच्छेद आईने सोडला तरी चालेल. कोजागिरीनंतरच्या वद्य अष्टमीच्या आसपास, आणि ते हुकलं तर पुढच्या महिन्यातल्या, इथे पहाटे समुद्रात पालोलो वर येतात. प्रवाळातल्या किड्यांचे शेपटीकडचे तुकडे, माद्यांचे निळे-हिरवे, अंड्यांनी भरलेले, नि नरांचे तपकिरी. कंदील आणि जाळी घेऊन गावंच्या गावं पाण्यात उतरतात. चंद्र बघून दिवस सांगतात आणि तो सहसा चुकत नाही. मी नुसती काठावर उभी राहून बघितलं, असं माईआत्याला सांगा.)

आता वादळाचं. बाबा, तुम्ही नेटवर सगळं शोधून काढलंत हे दादाने सांगितलं. ओफा, फेब्रुवारी १९९०. व्हाल, डिसेंबर १९९१, तेही कित्येक दिवस घोंघावत राहिलेलं. इव्हान, डिसेंबर २०१२. आणि २००९ ची त्सुनामी. सगळं खरं आहे, मी काही लपवणार नाही. पण इव्हानमध्ये आपियातली जी नदी फुगली तिच्यापासून मी लांब आहे, त्सुनामी दक्षिण किनाऱ्यावर आली होती आणि मी उत्तरेला चढावर राहते. घर सिमेंटचं आहे. इशारा आला की चर्चचा हॉल उघडतात, तो रस्ता मी पायी चालून बघितला आहे.

पण मला खरा धीर आहे तो सिमेंटचा नाही. घरमालकीणबाईंनी ओफा आणि व्हाल दोन्ही काढली. त्यांना विचारलं, मग खाल्लंत काय? तर त्यांनी क्रमच सांगितला. पहिल्या दिवसांत पडलेलं सगळं: नीरफणस, केळी, शहाळी, कारण ते सडणार. मग जमिनीतलं. कोनफळ, आणि ताआमू, म्हणजे आपल्या परसातल्या कासाळूचाच प्रकार. त्याचं खोड वारं मोडत नाही आणि ते रानात वर्षं-वर्षं उभं राहतं, कुणाला नको असतं तोवर. तेही संपलं तर जंगलातले कडू करांदे, नीट कडूपणा काढून. वादळाची चाहूल लागली की कसाव्याचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या झाडाचे, शेंडे छाटतात, म्हणजे वारं झाडाला धरून हलवत नाही आणि कंद सैल होत नाहीत. बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिलं.

आणि मासी. नीरफणस भरभरून येतो तेव्हा सोलून, चिरून, पानांनी मढवलेल्या खड्ड्यात भरतात, वर पानं आणि दगड. आत तो आंबतो आणि महिनोन् महिने टिकतो. हल्ली थोडेच लोक करतात, दुकानातला तांदूळ सोपा. बाईंनी मला दाखवायला एक छोटा खड्डा उघडला, तर वास असा की मी दोन पावलं मागे. भाजल्यावर मात्र आंबूस, चिवट, नारळाच्या दुधाबरोबर बरा लागतो. मला तेव्हा तुझ्या माती लावलेल्या आठळ्या आठवल्या, आई. कोनाड्यातल्या मडक्यातून मी चोरायचे आणि चुलीच्या निखाऱ्यात टाकायचे, आणि तू पाठ करून भांडी घासत राहायचीस. फुटल्याचा आवाज तुला ऐकू येत नव्हता असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

वादळ ओळखण्याच्या खुणा म्हणाल तर बाबा आधीच हसतील. लांब पंखांचा काळा फ्रिगेट पक्षी समुद्र सोडून जमिनीवर घिरट्या घालू लागला की टोंगापासून इथपर्यंत सगळे सावध होतात. आंबा आणि नीरफणस प्रमाणाबाहेर लगडले की ते वर्ष वाईट धरतात. माझ्या फिजीच्या सहकाऱ्याकडे एका देठाला किती नीरफणस लागलेत ते मोजतात, आणि गांधीलमाशांचं पोळं जमिनीलगत दिसलं की छपराचे दोर तपासतात. म्हातारे कोळी आवाज ऐकतात: खडकावर लाट नेहमीपेक्षा सावकाश, जड आणि भलत्याच बाजूने आपटते आहे का.

शास्त्रीय आधार काय, हे तुम्ही विचारणारच. फ्रिगेटची पिसं पाण्यात भिजतात, तो पाण्यावर बसू शकत नाही, म्हणून खवळलेल्या समुद्रावरून त्याला निघावंच लागतं. वादळाच्या लाटा वादळाच्या पुढे धावतात, म्हणून त्या आधी कळतात. फळांचं मी छातीठोक सांगणार नाही. माझं मत विचाराल तर झाडं सांगतात ते वर्ष कसं जाईल एवढंच, तास सांगायला हवामान खातंच लागतं. इथलं खातंसुद्धा जाणत्यांकडून या गोष्टी लिहून घेतं. तेच जाणते हेही म्हणतात की आता ऋतू पूर्वीसारखे वागत नाहीत, मोहोर भलत्या वेळी येतो. म्हणून मी रेडिओ आणि पक्षी, दोन्ही बघते. आजोबा नव्हते का, पंचांग वाचूनसुद्धा कावळ्याचं घरटं बघायला बांधावर जायचे?

तिकोपियाची गोष्ट मात्र आईला वाचून दाखवा. सॉलोमन बेटांच्या पार पूर्वेला, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती हजारावर, माणसं मूळची इथल्या सामोअन लोकांसारखीच पॉलिनेशियन वंशातली. २८ डिसेंबर २००२ ला झोई नावाचं पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं वादळ त्यावरून गेलं. संपर्क तुटला. नवं वर्ष उजाडलं तरी बातमी नाही, आणि जगाने मनातल्या मनात त्यांना सोडूनच दिलं. शेवटी माणसं पोचली तेव्हा झाडं नागडी, घरं भुईसपाट, गोड्या पाण्याच्या तळ्यात समुद्र घुसलेला. आणि मेलेलं कोणी नाही. एकही नाही. ती सगळी वेळेवर डोंगराच्या गुहांमध्ये, कपारींखाली जाऊन बसली होती, पोराबाळांसकट. त्यांच्या आजे-पणज्यांनीही असंच केलं होतं. खायचे हाल झाले, ते खरं. पण माणसं होती.

आणि एक सांगू? वादळात मी नव्हते, तुम्ही होतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' दिवेआगरावर आलं तेव्हा मी पुण्यात लॉकडाऊनमध्ये सुखरूप होते, आणि तुम्ही दोघं माजघरात कॉटखाली. किती दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा बाबा म्हणाले, "थोड्या पोफळी गेल्या." थोड्या! नंतर आले तर मागच्या दारातून थेट समुद्र दिसत होता. तेव्हा तुम्ही मला "घाबरू नकोस" म्हणालात आणि मी घाबरतच राहिले. आता तुम्ही घाबरा थोडे, पण माझ्याइतके नको.

म्हणून ऐका आता. बाबा, बीपीची गोळी सकाळची सकाळी, आठवण झाली की नव्हे. माडावर गडी चढेल, तुम्ही खालून सूचना देणंही बंद, मान वर करून चक्कर येते तुम्हाला. माजघरावर आलेली आंब्याची फांदी मे महिन्याच्या आत छाटायची. फणसाला लावलीत तशी माया तिलाही लावू नका. सातबारा, बँकेची पुस्तकं आणि आजीची ती पुडी ट्रंकेतून काढून दादाकडे द्या. सेलवर चालणारा रेडिओ घ्या. मोबाइलचा टॉवरच पडतो, हे आपण पाहिलं आहे. वाडी सोडा असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. फक्त इशारा आला की दोन दिवस शाळेच्या इमारतीत जायचं, कपिलेला दावं सोडून. आई, जाताना पोळपाट-लाटणं बरोबर न्यायचं नाही.

आणि बांधावर कोनफळ आणि करांदे पुन्हा लावा. आजी असताना होते. बाजारात मिळतं म्हणून आपणच काढले.

दिवाळीला आले नाही, पुढच्या मे महिन्यात महिनाभर येते. तिकीट काढलं की कळवते. आंबे काढायला घाई करू नका. फोन तुमच्या दुपारी दीडला करत जा, इथे तेव्हा रात्रीचे नऊ झालेले असतात आणि मी घरी असते. आईने पहाटे उठून लावायची गरज नाही.

तुमची,
छोटी

ता. क. विहिरीजवळच्या नीरफणसाच्या मुळांवर फुटवे आले असतील तर बाबा, कोयता लावू नका. त्याला बी नसते, तो असाच वाढवायचा. मातीसकट दोन काढून मागच्या दारी, पोफळी पडल्या त्या मोकळ्या जागेत लावा, आणि पहिला उन्हाळा पाणी द्या.