आकडा विचारणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सगळे तुला फिजिओ मॅडम म्हणतात. पहिले दोन दिवस मीही म्हणायचे, पण माझ्या नातीपेक्षा तू फार तर आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून बाळच म्हणते. हे पत्र चारचौघांनी वाचावं असं वाटतं, कारण खांद्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगत नाही.

माझ्या उजव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे आणि हात फिरवणारे स्नायू हाडाला जिथे जोडलेले असतात तो भाग, फाटला होता. पुण्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, ते छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडलं आणि आम्ही दुपारी फलटणला पोचलो. कागदावर गोळ्यांची नावं होती. पण हात बधिर करायला मानेपाशी जे इंजेक्शन देतात त्याचा असर काही तासांत उतरतो, हे कुणी बोललं नव्हतं. दुखतच नाही, मग गोळी कशाला, म्हणून मी घेतली नाही. तीनच्या सुमाराला बोटांना मुंग्या आल्या. ती रात्र मी पलंगाच्या कडेला बसून काढली. आडवंच होता येईना.

सकाळी तू आलीस आणि विचारलंस, "आजी, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी म्हटलं, तीन. तू माझ्या डाव्या हाताकडे बघितलंस. पदराचा बोळा करून मी तो घट्ट आवळून धरला होता. "हा हात आठ म्हणतोय," तू म्हणालीस. मला रडूच आलं. एकसष्ट वर्षांत दुखणं सोसण्याचंच कौतुक झालं होतं. कळ चढल्यावर तिला खाली आणायला जास्त औषध लागतं, म्हणून सुरुवातीचे दिवस गोळी घड्याळाकडे बघून घ्यायची, हे तू मला समजावलंस. आणि हात दुखत असेल तर व्यायाम होणार नाही, व्यायाम झाला नाही तर खांदा आखडेल, हेही. मला साखर आहे, त्यामुळे आखडायची भीती जास्त.

मग तू दोन्ही पाकिटं चष्म्याजवळ धरून वाचलीस. एकात ट्रमाडॉल, म्हणजे कळ मारणारं जोरदार औषध, आणि पॅरासिटामॉल एकत्र, दुसऱ्यात नुसतं पॅरासिटामॉल. शेजारच्यांनी दिलेलं तिसरं मी उशाशी ठेवलं होतं, त्यातही तेच! चोवीस तासांत मोठ्या माणसाला 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, नाहीतर यकृताला धोका. तू तिथूनच डॉक्टरांना फोन लावलास, वेळा ठरवून घेतल्यास आणि कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिल्यास. ट्रमाडॉलने पोट कडक होतं, हे मला विचारायची लाज वाटत होती. तू आपणहून त्यावरचा उपाय सांगितलास.

झोपेचं तर काय सांगू. पाठीमागे तीन उशा रचून अर्धवट बसतं केलंस आणि कोपराखाली जुनं लुगडं गुंडाळून ठेवलंस, खांदा मागे पडू नये म्हणून. त्या रात्री सलग चार तास झोप लागली. हात गळ्यात अडकवायचा पट्टा सहा आठवडे, झोपेतसुद्धा. बर्फ पंचाला गुंडाळून पंधरा मिनिटं. ब्लाउज बंद, यांचे पुढून उघडे शर्ट: घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. टेबलाला डाव्या हाताने धरून वाकायचं, उजवा नुसता लोंबू द्यायचा आणि अंग हलवायचं, हात आपोआप झुलतो. काखेत घाम साचतो, ती जागा अशी वाकूनच पुसायची, हे तू यांना करून दाखवलंस. हे लाजले, पण शिकले.

ताप, जखमेतून पाणी, बोटं निळी पडणं किंवा पोटरी दुखून सुजणं, यातलं काही झालं तर वाट बघायची नाही, हेही तूच दारात चपला घालता घालता सांगितलंस.

आज सोळावा आठवडा. वजन अजून उचलत नाही, तू म्हणशील तेव्हाच. पण परवा मी माझा अंबाडा स्वतः घातला. दोन्ही हात मानेमागे गेले. हे इतके दिवस माझी वेणी घालत होते, ते कंगवा हातात धरून बघत राहिले.

समोरच्या वहिनींचं पुढच्या आठवड्यात हेच ऑपरेशन आहे. लुगड्याची ती गुंडाळी त्यांना दिली आहे आणि तुझा नंबरही. त्याही सोसणाऱ्याच आहेत. आकडा विचारशील तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हाताकडे बघ.

तुझी,
आजी