उसाच्या बेटावरून आई-बाबांना

वाक्वा, मॉरिशस
जूनअखेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन गोष्टी एका दमात बोललात. एक म्हणजे विहिरीवरच्या तुकड्यातही यंदा उसाची आडसाली, म्हणजे दीड वर्षाची, लागण करायचं तुमच्या मनात आहे. दुसरी म्हणजे, "एवढ्याशा बेटावर अख्खा देश चालतो तरी कशावर?" तुम्हाला हे दोन वेगळे विषय वाटले असतील, मला मात्र पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात दिसतं. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, ऑपरेशननंतर तुमच्या डोळ्यांना ताण नको.

आधी बेट केवढं ते सांगते. मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं. आपल्या सातारा जिल्ह्यात अशी पाच बेटं मावतील आणि वर जागा उरेल. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं एक छोटं बेट आहे, उत्तरेला दूर अगालेगा आहे. सगळी मिळून माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. समुद्रावरचा हक्क मात्र जवळजवळ २३ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या सातपट पाणी. कागदावर हा देश बहुतेक समुद्रच आहे.

जमीन ज्वालामुखीतून आलेली. दगड काळा, आपल्या सह्याद्रीचा असतो तसाच बेसॉल्ट. बाबा, हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नव्हते: पृथ्वीच्या पोटातल्या ज्या एका तप्त जागेतून साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार ओतलं गेलं, तिथूनच पुढे हे बेटही वर आलं, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. हे बेट ऐंशी-नव्वद लाख वर्षांचंच, त्या मानानं अगदी तरुण. आता ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आमच्या क्यूरपीपजवळचं विवर थंड आहे. आई, काळजी करू नकोस, त्याच्या काठावर लोक सकाळी फिरायला जातात.

उसाच्या रानात जागोजागी काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही तर घराएवढे उंच. ते माणसांनी हातानं वेचून रचले आहेत. ऊस इथे डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणला. पुढे फ्रेंचांनी गुलामांकडून मळे करवून घेतले. इंग्रजांच्या राज्यात १८३५ मध्ये गुलामी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे होते, त्याच सुमारास हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. साडेचार लाखांच्या वर माणसं उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडचीही पुष्कळ आली. पोर्ट लुईला ज्या पायऱ्यांवरून ती किनाऱ्यावर चढली, त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. मी तिथे गेले तेव्हा वाटलं, आपल्याच शिवारातला कुणी इथून चढला असेल आणि गावात त्याचं नावही उरलं नसेल. माझ्या घरमालकीणबाई त्यांच्यातल्याच. घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली इथली बोली, बोलतात, मराठी शाळेत शिकलेल्या. गणपतीत त्यांच्याकडे जे नाचतात ते कोकणातल्या जाखडीसारखं दिसतं. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

१२ मार्च १९६८ ला हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त नुसती साखर होती. लोकसंख्या वाढत होती, काम नव्हतं. १९६० मध्ये कॅरोल नावाचं चक्रीवादळ येऊन गेलं होतं, त्यानं घरं आणि ऊस दोन्ही झोपवलं होतं. जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, १९६१ मध्ये इथला अभ्यास करून मोठी चिंता व्यक्त केली होती. एक पीक, वाढती तोंडं, जमीन मर्यादित. कुणीही तेच म्हटलं असतं.

मग नशिबानं हात दिला. १९७५ पासून युरोपनं दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या दरानं घ्यायचं कबूल केलं. तो दर बहुतेक वर्षी जगाच्या बाजारापेक्षा कितीतरी चढा असायचा. बाबा, आपल्या भागात असा पैसा आला असता तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा. आणखी ऊस झाला असता. इथेही ऊस वाढला, पण ह्या लोकांनी त्याच काळात दुसरं काही उभं केलं. सरकारनं साखरेच्या निर्यातीवर कर घेतला आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. मळेवाल्यांनी नफा हॉटेलांत आणि कापडात घातला. १९७० मध्येच निर्यातीसाठीच्या कारखान्यांचा कायदा झाला होता. एदुआर्द लिम फात नावाच्या इथल्याच प्राध्यापकांनी तो विचार लावून धरला होता. शिवणकामाचे कारखाने निघाले आणि ज्या बायका कधी पगारावर गेल्या नव्हत्या त्या हजारोंनी कामाला लागल्या. घरमालकीणबाईंची आई त्यातली. त्या सांगतात, घरात पहिलं सिमेंटचं छत आईच्या पगारातून पडलं.

मला ह्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेळेची. साखरेला चांगला भाव असतानाच त्यांनी दुसऱ्या वाटा पाडल्या. २००५ मध्ये कुठल्या देशानं किती कापड विकायचं हे ठरवणारी जागतिक कोटा पद्धत संपली आणि चिनी माल सगळीकडे पसरला. लगेच युरोपनं २००६ ते २००९ च्या दरम्यान साखरेचा दर टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के खाली आणला. दोन खांबांवर एकदम घाव पडला. तोवर पर्यटन उभं होतं, बंदर उभं होतं, आणि एबेनला, जिथे मी कामाला जाते, तिथे कार्यालयांचं नवं गाव वसत होतं. माझं काम म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या पैशांचा हिशेब ठेवणं. त्यातला खूपसा पैसा वर्षानुवर्षं इथून भारतात जायचा, कारण दोन देशांच्या करारामुळे कर वाचायचा. २०१६ मध्ये तो करार बदलला. हाही आधार कायमचा नाही, हे माझ्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

ऊस मात्र सोडला नाही, आणि हे तुम्हाला आवडेल. एके काळी अडीचशेच्या वर कारखाने होते, आता तीन आहेत. १९७३ मध्ये सात लाख टनांच्या वर साखर निघाली होती, आता अडीच लाखांच्या आसपास. पण कच्ची साखर पोत्यात भरून पाठवण्याऐवजी डेमेरारा, मस्कोवाडो अशा खास साखरा करतात, त्यांना दर बरा मिळतो. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते, देशाच्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा. गाळप संपलं की त्याच बॉयलरमध्ये दगडी कोळसा जाळतात, ते मला पटत नाही, पण तसं आहे. शेतकऱ्याला साखरेतला ७८ टक्के वाटा मिळतो, कारखान्याला २२, आणि बगॅसचे पैसेही शेतकऱ्याला मिळतात. आपल्या कारखान्याच्या सभेत हे एकदा विचारा. इथे एका लागणीवर सहा-सात खोडवे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारी पिकं, घेतात. दक्षिण गोलार्ध असल्यानं गाळप आत्ता, जूनमध्येच, सुरू होतं आणि डिसेंबरपर्यंत संपतं. मी हे लिहिते आहे तेव्हा रस्त्यावर उसाच्या गाड्या आहेत, अंगात स्वेटर आहे आणि बाहेर बुरबुर पाऊस आहे.

सगळं गोड नाही. कारखाने बंद झाले तेव्हा कामगारांना रोख रक्कम आणि घरापुरती जमीन दिली गेली, पण लहान शेतकऱ्यांची कितीतरी रानं पडून आहेत. तोडायला माणूस मिळत नाही, आणि यंत्र चालवायचं तर आधी दगड काढायला हवेत. ज्यांच्या आजा-पणज्यांनी ते दगड वेचले त्यांची नातवंडं ऊस मोडून निघून जातात. काही मळ्यांवर परदेशी लोकांसाठी बंगले झाले आहेत. तिथून बस जाते तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

पाण्याचं ऐकून तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या पावपटीहूनही कमी, आणि दोन्हींत अंतर तासाभराचं. मार ओ वाक्वा हा सगळ्यात मोठा तलाव आमच्या जवळच आहे. तरी उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी ठरावीक तासच येतं, कारण जुन्या नळांतून निम्म्याहून जास्त पाणी वाटेतच जातं. प्रत्येक छपरावर टाकी. पाऊस भरपूर आणि घागर रिकामी, हे आपल्या कोयना खोऱ्यातल्या वाड्यांना सांगायला नको.

खाण्याचंही तसंच. तीन चतुर्थांश अन्न बाहेरून येतं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा भारत सरकारनं पुढे मॉरिशसला म्हणून १,२०० टन कांदा खास परवानगीनं सोडला. लासलगावच्या शेतकऱ्याला त्या बंदीनं रडवलं, ते तुम्ही फोनवर सांगितलं होतंत. इथे त्याच वेळी लोक बाजारात कांद्याचा भाव विचारून पुढे जात होते. एकाच बंदीचे दोन्ही टोकांना चटके.

२०२० मध्ये तर सगळंच एकदम आलं. कोविडनं सीमा बंद झाल्या, पर्यटक थांबले आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था पंधरा टक्क्यांच्या आसपास आकसली. त्यातच २५ जुलैला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा लोकांनी काय केलं माहीत आहे? उसाचं पाचट, म्हणजे वाळकी पानं, कापडात आणि जाळ्यांत भरून, लांबच लांब गुंडाळ्या शिवून समुद्रात सोडल्या, तेल अडवायला. आपण जे पाचट पेटवतो किंवा सरीत कुजवतो, ते. माएबुर्गच्या किनाऱ्यावर म्हातारी माणसं, शाळेची पोरं रात्रंदिवस ते शिवत होती. ज्यांनी ते केलं त्यांच्याकडून ऐकताना माझा गळा दाटून आला होता.

आई, तुला वादळाची धास्ती. इथे घरं काँक्रीटची, सपाट छपरांची आहेत, कॅरोलनंतर लोकांनी तशी बांधायला घेतली. इशारा एक ते चार असा असतो, तीन लागला की घरात बसायचं, बस. जानेवारी २०२४ मधल्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या हे खरं. आमचं वाक्वा उंचावर आहे.

आणि तुझ्या गुडघ्यांसाठी रेल्वे आहे. ब्रिटिशांच्या वेळची जुनी रेल्वे १९६४ ला पूर्ण बंद झाली होती. तिच्याच मार्गावर बऱ्याच ठिकाणी आता मेट्रो धावते, लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली. २०२० च्या सुरुवातीला लोकांसाठी सुरू झाली आणि २०२२ मध्ये पोर्ट लुईहून क्यूरपीपपर्यंत पोहोचली. इथल्या ज्येष्ठांना २००५ पासून बसप्रवास मोफत आहे. साठी झाली की सरसकट सगळ्यांना पेन्शन मिळायची, तीही १९५८ पासून, गरीब-श्रीमंत न पाहता. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते वय हळूहळू पासष्टवर न्यायचं ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर आले. मुलं कमी, म्हातारी माणसं जास्त, पैसा कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे. पण साठ वर्षांच्या ऊसतोड्याला आणखी पाच वर्षं थांब म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तुम्ही दोघं डोळ्यांसमोर येता.

बाबा, आता विहिरीवरचा तुकडा. तुमच्या रानात काय लावायचं हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून बोलते. बाकीची सगळी जमीन उसाखाली आहेच. त्या एकाच तुकड्यात आईचा घेवडा, मेथी, वांगी निघतात, शाळू होतो. गेल्या वर्षी कारखान्याचं उसाचं बिल लांबलं तेव्हा घरात धान्य होतं ते तिथलं. ह्या देशाकडे युरोपचा करार होता, तरी तोही शेवटी संपलाच. तुमच्याकडे तेवढाही करार नाही. यंदा भाव बरा आहे म्हणूनच तो तुकडा मोकळा ठेवा. दादाला ठिबकची हौस आहे, तर तिथे भाजीला करू द्या, ठिबकाचे पैसे मी पाठवते. बेणं सांगून टाकलं असेल तर ते खालच्या पट्टीत खोडव्याच्या जागी लावता येईल का, ते बघा.

आणि ऑक्टोबरात दोघं या. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. व्हिसा आधी काढावा लागत नाही. तेव्हा थंडी गेलेली असेल, वादळं सुरू झालेली नसतील आणि गाळप चालू असेल. कारखाना आतून दाखवायची व्यवस्था करायला ऑफिसातल्या एकानं होकार दिला आहे. आईचा पासपोर्ट संपत आला असेल, दादाला तारीख बघायला सांगा. येताना मेतकूट आणि काळा मसाला आणा, बाकी काही नको. लागणीचं ठरवायच्या आधी मात्र एक फोन करा. रविवारी मी घरीच असते.

तुमची,
मनू