आई-बाबा, माझं अजून तीन वर्षं कायमचं येणं होत नाही

प्रिय आई-बाबा,

हे फोनवरच सांगणार होते. पण रविवारी आईने "या वर्षी येतेयस ना कायमची?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेत आणखी तीन वर्षं राहायचं मी ठरवलंय. सहीही करून झाली. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच "राहा गं, आमची काळजी करू नकोस" म्हणाला असता आणि मग दोघंही रात्रभर जागे राहिला असता.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता, एवढी वर्षं कशाला लागतात? जेम्स ॲलिसन या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की टी-पेशींवरचा, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींवरचा, ब्रेक सोडवला, तर उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी विरून जातात. त्या कल्पनेवरचं औषध मंजूर व्हायला २०११ साल उजाडलं. मधली पंधरा वर्षं लोक रोज लॅबमध्ये जातच होते. कुणीतरी मधेच उठून गेलं असतं तर? हे मी तुम्हाला पटवायला लिहितेय की स्वतःला, कोण जाणे.

आमचा प्रश्न ब्रेकच्या पुढचा आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत बदललेल्या टी-पेशी फार छान काम करतात, पण घट्ट गाठीत शिरल्या की दमतात. पेशी जिवंत असते, कर्करोगाच्या पेशीला चिकटलेलीही असते, पण मारत नाही. मायक्रोस्कोपखाली हे बघताना जीव तुटतो. ताजी पेशी सरपटत येते, चिकटते, थोड्या वेळाने समोरची पेशी फुगते आणि फुटते. दमलेली नुसती बिलगून राहते. मागच्या महिन्यात आमच्या एका बॅचच्या पेशी तिसऱ्या आठवड्यातही कामाला होत्या. तीनदा करून पाहिलं, दोनदा जमलं. तिसऱ्यांदा का नाही जमलं, हे मला शोधायचंय. आत्ता उठले तर ते कुणाच्या तरी वहीत पडून राहील.

मावशीबद्दल मुद्दाम काही लिहीत नाही. आई, तुला कळलंच असेल. तिचा निळा स्कार्फ अजून माझ्या कपाटात आहे.

आणि आई, माझ्या तापात तू रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आतली फौज जागी आहे, म्हणून तापलीयस." ते खरं होतं गं. २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच बदललेल्या टी-पेशी दिल्या, तेव्हा तिला इतका ताप चढला की व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तपासणीत आयएल-६ नावाचं प्रथिन भलतंच वाढलेलं दिसलं. तिच्यावरच्या उपचारामागचे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे आयएल-६ ला अडवणारं संधिवाताचं एक औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि काही तासांत एमिली सावरू लागली. पुढे तिचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोगही गेला. हे वाचताना मला तुझी सुजलेली बोटं दिसत होती. एका आजाराचं औषध दुसऱ्याच्या कामी आलं ते घरातलं दुखणं कुणाच्या तरी लक्षात होतं म्हणून.

आता नीट ऐका. आई, बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. दर सोमवारी रक्तदाब वहीत लिहायचा आणि मला फोटो पाठवायचा. बाबा, स्टुलावर चढायचं नाही, दिवा गेला तर गेला, अंधारात बसा पण चढू नका. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. तेव्हा मी तीन आठवडे येतेय, रजा मंजूर झालीय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला माणूस सांगितलाय, त्याला परत पाठवू नका. "आम्हाला काय झालंय" असं म्हणालात ते त्याने मला फोनवर सांगितलं. रागावून म्हणत नाहीये. इतक्या लांबून नुसतं बोलताच येतं, म्हणून जास्त बोलते.

माझी काळजी करू नका. वेळेवर जेवते, झोपही होते. खोलीत सकाळी छान ऊन येतं. तुम्ही दिलेलं पांघरूण अजून तेच वापरते, एका कडेला उसवलंय, आले की आई शिवून दे.

बाबा, हे पत्र आईला तुम्ही वाचून दाखवा. मावशीच्या ओळीपाशी जरा थांबा, तिला सावकाश घेऊ द्या. आणि शनिवारी फोन करेन तेव्हा दांडी बसलेली कॅमेऱ्यात दाखवा.

तुमची,
छकुली